लिंकर गप्प का बसला?

"मॅडम, तुमचा डबा मेलाय! फवारे बी बंद. गुलाबांनी पार माना टाकल्यात." सुदुंबऱ्याहून गुलाबाचा शेतकरी रतन अनघाला फोनवर ओरडून सांगत होता.

पॉलिहाउसचे फवारे नेटवरून चालवणारे तिच्या कंपनीचे डबे सकाळपासून मावळभर गप्प झाले होते. दुरुस्ती पाठवायची तर तीही नेटवरूनच.

"कोड चैतालीचा," मॅनेजर सत्यम म्हणाला. "बाळंतपणानंतर लक्षच नाही तिचं. उद्यापासून येऊ नको म्हणालोय."

"सगळं जोडून डब्यांवर रिलीज कुणी केलं?" अनघाने विचारलं. टीममधली जुनी प्रोग्रामर तीच.

"मीच. नेहमी माझ्याच मशीनवर होतं ना. एकदम क्लीन, एक एरर नाही."

अनघाने शिरगावला चैतालीचं घर गाठलं. चैताली झोळीची दोरी ओढत बसली होती.

"तुझं नवं 'नेट रीसेट' फंक्शन काय करतं?"

"अडकलेलं एक कनेक्शन तोडून परत जोडतं."

"तपासलंस कशावर?"

"टेबलावर, केबल लावून. डब्याला मोबाईलचं नेट देणारा मोडेम मागितला तर सत्यम सर म्हणाले, तू बाळाकडे बघ, तो मी जोडतो." तिचा हात थांबला. "ताई, ही नोकरी सुटली तर मला परत कुणी घराबाहेर पडू देणार नाही."

"दोरी ओढ गं. उठेल तो."

ऑफिसात येऊन अनघाने विकत घेतलेली मोडेमची लायब्ररी, म्हणजे तयार फंक्शनांचा संच, उघडली. त्यातही एक 'नेट रीसेट' होतं. ते मोडेमच बंद करायचं. तिने चैतालीचा कोड आणि ही लायब्ररी एकत्र जोडायला घेतली. एरर! ती तडक सत्यमकडे गेली.

"लिंकर सगळे तुकडे जोडून प्रोग्राम बनवतो. एकाच नावाची दोन फंक्शनं दिसली की अडून बसतो. माझ्याकडे अडला. तुझ्याकडे क्लीन कसा?"

सत्यमने लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं.

"कारण तू त्याचं तोंड बंद केलंस. तसा पर्याय असतो. मग तो पहिलं सापडेल ते घेतो. तुझ्याकडे मोडेमची लायब्ररी आधी होती. एक कनेक्शन अडकलं की डबा स्वतःचाच मोडेम बंद करून बसायचा. चैतालीकडे मोडेमच नव्हता, तिला दिसणार कुठून?"

"गिऱ्हाइकाला डबे द्यायची तारीख होती गं," तो पुटपुटला. "म्हटलं, नाव एक म्हणजे कामही एकच असेल."

"तिला परत बोलाव."

"कुठं? दुपारीच डब्यांची ऑर्डर रद्द झाली. टीमच बंद करतायत. तू, मी, सगळेच."

अनघाने शिरगावला फोन लावला.

"चूक तुझी नव्हती, चैताली."

पलीकडे सुटलेला श्वास ऐकू आला.

"मग उद्या किती वाजता येऊ, ताई?"