फिरलेले बाण

“ब्रेक मारा! पुढे चिखल आहे!” भिंगरी ओरडली खरी, पण तोवर ढब्बूची सायकल दलदलीत रुतली होती आणि ढब्बू हँडलवरून थेट पलीकडे!

“बाण तर इकडेच दाखवतोय!” तोंडातला गाळ थुंकत तो म्हणाला.

“म्हणूनच ते आजोबा इथे पडले,” भिंगरीचा धाकटा भाऊ म्हणाला. तो सतत ताईच्या मागे मागे असायचा, म्हणून सगळे त्याला शेपूटच म्हणत.

भिंगरीचा चेहरा उतरला. गेल्या आठवड्यात फिरायला आलेल्या एका आजोबांनी याच बाणाचं ऐकलं आणि पाय मोडून घेतला. शहराबाहेर नदीकाठाने जाणाऱ्या या वाटेवरचे सगळे बाण तिच्या मामाने लावले होते. वाटेची राखण हीच त्याची नोकरी. तेव्हापासून मामा खचला होता. “मीच उलटा लावला असेन. हल्ली आठवतच नाही,” असं सारखं म्हणायचा. आणि आज दुपारी मामाचे साहेब येऊन वाट कायमची बंद करणार होते.

“मामा चुकणारच नाही!” ती म्हणाली. खरं तर तिलाही आतून धाकधूक होती आणि तिला स्वतःचाच राग येत होता.

“ताई, हा खांब एका बाजूने फिका का गं?” शेपटाने विचारलं.

“उन्हाने रंग उडतो, वेडोबा!”

“पण फिकी बाजू तर सावलीत आहे!”

भिंगरी टुणकन उठली. खरंच की! झाडाकडची बाजू रंग उडालेली आणि उन्हाकडची कोरी करकरीत! म्हणजे खांब कुणीतरी नुकताच फिरवला होता. खाली गवतही अलीकडेच कापलेलं होतं.

तिघांनी सायकली दामटल्या. पुढचा खांब? फिरलेला, गवत कापलेलं. त्यापुढचा? तसाच! पुलापलीकडे मात्र गवत गुडघाभर आणि बाण अगदी बरोबर. तेवढ्यात घरघर ऐकू आली.

गवत कापायच्या यंत्रावरून एक काका उतरले. शीळ घालत त्यांनी खांब जमिनीतल्या नळीतून उपसला, बाजूला टाकला, गवत कापलं आणि खांब पुन्हा नळीत खुपसला. बाण आता भलतीकडेच!

“काका, बाणाचं तोंड कुठे होतं ते बघितलंत का?” भिंगरीने विचारलं.

“खांब बसला म्हणजे झालं! मला कुठे तिकडे जायचंय? पळा आता, कामं पडलीत!”

भिंगरीचं रक्त उसळलं, पण ढब्बूने तिला कोपर मारलं आणि तोंड भरून हसला. “काका, काय झटपट काम हो तुमचं! साहेब वाटेच्या फाटकाशी येतायत. त्यांना एकदा दाखवाच!”

काकांची छाती फुगली. “दाखवू की!”

फाटकापाशी साहेब, मामा आणि बरीच मंडळी जमली होती. काकांनी ऐटीत तिथला खांब उपसला आणि खुपसला. बाण सरळ नदीच्या पाण्याकडे! काकांनी कपाळावर हात मारला. शेपटाने फिक्या बाजूची गोष्ट एका दमात सांगून टाकली.

“शाब्बास! आम्हा मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!” साहेबांनी तिघांची पाठ थोपटली. टाळ्याही पडल्या.

“मग वाट उघडी राहणार ना?” भिंगरीने विचारलं.

साहेबांनी नजर चुकवली. “बाळा, वरून हुकूम निघालाय. आता माझ्या हातात काही नाही.”

शिपायाने फाटकाला साखळी घातली आणि कुलूप लावलं. मंडळी पांगली. ढब्बू कुलपाकडे बघत रडू लागला. काय उपयोग झाला सगळ्याचा, असं भिंगरीला वाटलं. इतकं हरल्यासारखं तिला कधीच वाटलं नव्हतं.

मामा मात्र कुलपाकडे बघतच नव्हता. तो भिंगरीजवळ खाली बसला.

“म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नाही मामा.”

“बाण मी नीटच लावले होते?”

“एकूण एक!”

“पुन्हा एकदा सांग,” मामा म्हणाला. भिंगरीने पुन्हा सांगितलं.