शेवटचं रीळ नसलेला पिक्चर

मी ओढणीच्या टोकाला बांधलेला खडू सोडला आणि एक नंबरवर आडवी रेघ मारली.

शालिग्रामकाकांच्या व्हिडिओ लायब्ररीच्या दारावर तो कागद चिकटवलेला होता. ‘१९९५ चे दहा उत्तम पिक्चर.’ खाली बिस्किटाचा रिकामा डबा, त्याला वरून चीर. काका दर जानेवारीला हे करायचे. आपल्याला आवडलेला पिक्चर चिठ्ठीवर लिहायचा, डब्यात टाकायचा, आणि ज्याला जास्त चिठ्ठ्या तो सव्वीस जानेवारीला दुपारी फुकट दाखवायचे. त्या दिवशी आमच्या पांडेसऱ्यातल्या कापड मिल बंद, सगळे घरी.

आमच्या गल्लीत पिक्चरला नावानं कोणी ओळखत नाही. काकांनी यादीतही तसंच लिहिलेलं – ‘जुळ्या वकिलांचा’, ‘बर्फातल्या गाण्यांचा’, ‘सासू आंधळी होते तो’. दहा वाचले. माझा नव्हता. डोकं फिरलं. म्हणून रेघ.

“ओ... ते काय करायलाव तुमी?”

मागं एक पोरगा लुनाला टेकून उभा. केसांत धूळ, कॅरिअरवर पत्र्याचे तीन गोल डबे सुतळीनं बांधलेले. डोळे मात्र हसरे.

“दिसत नाही? खोडतेय.”

“कशापायी?”

“जुळ्या वकिलांचा एक नंबर? सख्ख्या आईला शेवटपर्यंत कळत नाही कोणता कोण. आंधळी आहे का ती?”

“नाही. आंधळी तीन नंबरला आहे.”

मला हसू आलं. पण मी दाखवलं नाही.

त्याचं नाव ललित. जालन्याकडचा, ते बोलण्यावरूनच कळलं. तो टॉकीजची रिळं पोचवायचा. आमच्या टॉकीजला आणि कडोदऱ्याच्या टॉकीजला मिळून पिक्चरची एकच प्रिंट यायची. तिकडे शो एक तास आधी लागायचा. तिकडची रिळं फिरवून झाली की हा दोन-दोन, तीन-तीन डबे लुनावर घालून इकडे पळवायचा. त्याला उशीर झाला की आम्ही अंधारात शिट्ट्या मारत बसायचो. म्हणजे चार वर्षं ज्याला शिव्या दिल्या, तो हाच.

“मग तुमचा एक नंबर कुठला?” त्यानं विचारलं.

“बसवाला.”

त्याचं हसू थांबलं. “ज्यात ती नवरी...”

“हां. लग्न तिच्या मनाविरुद्ध झालेलं. भाऊ तिला सासरी सोडायला निघतो. अर्ध्या रस्त्यात बस थांबते. भाऊ झोपलेला. ती पेटी घेऊन खाली उतरते. बस निघून जाते. ती पदर खोचते, इकडे बघते, तिकडे बघते... आणि संपला. आख्ख्या वर्षात असा शेवट दुसरा नाही.”

“पण तो शेवट नाही ना.”

“म्हणजे?”

“पुढं अजून एक रीळ आहे. चौदावं. ती मागच्या बसनं सासरीच जाते. सासूच्या पाया पडते. मग गाणं.”

“खोटं. मी टॉकीजला बघितलाय.”

“कधी?”

“दिवाळीच्या आधीचा गुरुवार. बाराचा शो.”

विजेच्या तारेवरून उतरायणाच्या पतंगाचा मांजा लोंबत होता, ललित तो बोटाला गुंडाळत राहिला. मग हळूच म्हणाला, “त्या दिवशी चौदावं रीळ आलंच नव्हतं. म्हणजे... मी डबा आणला होता. पण कडोदऱ्याला झाकणं बदलली. आत आदल्या आठवड्याच्या पिक्चरचं रीळ. मग ऑपरेटरनं लाईट लावले अन् सांगितलं, संपला.”

मी त्याच्याकडे बघतच राहिले.

त्या गुरुवारी मी टॉकीजमधून सरळ घरी गेले होते. घरी दोंडाईचाचे पाहुणे बसलेले, मला बघायला. आई – सरलाबाई – पोह्यांच्या बशा मांडत होती, बाप खाटेच्या कडेला अवघडून बसलेला. बाप – राघो – डाइंग मिलमध्ये कापड रंगवतो, दिवसाला दहा शब्द बोलतो. मी दारातच उभी राहिले आणि म्हणलं, “मला नाही करायचं.” चप्पलसुद्धा काढली नव्हती. आई आठ दिवस बोलली नाही. तरी मला वाटायचं, ती उतरली ना बसमधून? मग मी पण उतरले.

आता मामीनं दुसरं स्थळ आणलेलं. सत्तावीस जानेवारीला पाहुणे. या वेळी आईनं बजावलं होतं, तोंड उघडायचं नाही. उघडलं नाही तर चैत्रात लग्न, आणि मी गावाला, जिथं मी कोणाला ओळखत नाही.

आणि हा म्हणतो, ती परत गेली.

“तू काय केलंस कळतंय का तुला?” तुमी-बिमी संपलं होतं.

“रीळ चुकवलं. मालक लई बोलला.”

“माझं लग्न मोडलंस.”

तो एकदम सरळ उभा राहिला. मग म्हणाला, “मग मी... माफी मागू का पेढे मागू?”

मी खडू फेकून मारला. बरोबर शर्टाच्या खिशावर बसला.

दोन दिवस मी कोणाशी धड बोलले नाही. मी मिलमध्ये साड्या घडी करून खडूनं खूण करायच्या खात्यात आहे. नववीत सरांशी भांडून शाळा सोडली तेव्हापासून तिथंच. पाच वर्षं झाली. हात आपोआप चालतात. डोकं मात्र त्या बसपाशी अडकलेलं. ती परत कशी जाईल? पदर खोचला होता तिनं. परत जाणारी बाई पदर खोचत नाही.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मिलच्या गेटवर लुना. हातात कागदाची पुडी, त्यात गरम पोंक, म्हणजे ज्वारीचा कोवळा हुरडा, वर शेव.

“राग गेला?”

“राग माझा आहे. तू कशाला विचारतो?”

“काकांकडं बसवाल्याची कॅसेट आली.” पुडी पुढं करून तो उभा. “बघायचं असलं तर मी येतो सोबत. असलं एकटीनं बघू नये.”

“असलं म्हणजे?”

“आवडत्या माणसाची वाईट बातमी असते ना... तसलं.”

मी पोंक घेतला. थोडा त्याच्यासमोर धरला. आमची बोटं एकाच दाण्यावर गेली. दोघांनीही तो दाणा सोडून दिला.

लायब्ररीत काका कॅसेट पुसत बसलेले, आमच्याकडे पाठ करून. ललितनं कॅसेट पुढं पळवली. बस आली. ती उतरली. पदर खोचला. आणि मग... दुसरी बस आली. ती चढली. सासूच्या पायावर डोकं, नवऱ्याचा फोटोतल्यासारखा चेहरा, गाणं. गाण्यात ती हसत होती.

ललित टीव्हीकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. मी वळले तशी त्यानं मान खाली घातली.

“हे तिनं केलेलं नाही,” मी म्हणलं. “तिच्याकडून करून घेतलंय.”

“मी वीस-बावीस वेळा ऐकलं हे गाणं. कडोदऱ्याला शेवटचं रीळ लागलं की मी बाहेर जाऊन उभा राहायचो.” तो थांबला. “मला तुझाच बरा वाटतो. लाईट लागेपर्यंतचा.”

“माझ्या यादीत तोच राहणार. एक नंबरला.”

“आता पण?”

“जो मी बघितला तो. तुला पूर्ण धरायचा असेल तर तुझ्या यादीत धर. तुझा कुठला, सांगितलं नाहीस.”

“माझं ठरलंय. लिहिलं नाही अजून.”

“वर्ष संपून पंधरा दिवस झाले.”

“मला वेळ लागतो...” तो मशीनमधून कॅसेट काढत म्हणाला, “सांगायला.”

काका पाठमोरेच खोकले. “पोरांनो, मशीन गरम होतंय.”

त्या दिवशी मी ठरवलं. पिक्चर जिंकवायचा. सगळ्या गल्लीनं त्या बाईला बसमधून उतरताना बघायचं, माझ्या आई-बापानं सुद्धा. मग मी बोलणार.

घडीखात्यात आम्ही चाळीस बायका. मी घडी करता करता गोष्ट सांगायला लागले. रोज थोडी. भावानं कसं फसवून लग्न लावलं, बसमध्ये ती खिडकीतून काय काय बघते... आणि बसपाशी आणून गप्प बसायचे.

“मंग?” शेजारची मंगलाबाई सुई टोचल्यासारखी विचारायची. “उतरली मंग?”

“चिठ्ठी टाक, म्हणजे कळेल.”

“मले लिहिता कुठं येतं वं?”

“मी लिहिते. अंगठा नको, नुसतं हो म्हण.”

पंचवीस जानेवारीच्या संध्याकाळी काकांनी डबा उपडा केला. जुळे वकील दुसरे आले. बसवाला पहिला. काका माझ्याकडे चष्म्याच्या वरून बघत म्हणाले, “योगिता, एवढ्या चिठ्ठ्या एकाच हाताच्या वाटतात गं.”

“हात एक असेल काका. बायका चाळीस आहेत.”

मी ललितची चिठ्ठी शोधत होते. नव्हती.

सव्वीसला दुपारी लूमच्या शेडमध्ये दारं-खिडक्यांवर कोरं कापड टांगून अंधार केला. कापडाच्या ताग्यांच्या थप्पीवर टीव्ही, खाली बायका-पोरं, मागं पुरुष. माझी आई पुढं बसली. बाप खांबाला टेकून, नखांत निळा रंग तसाच. ललित मशीनपाशी. बस येण्याआधी तो वाकत वाकत माझ्याजवळ आला.

“बंद करू का तिथं? उतरली की बटण दाबतो. वीज गेली म्हणून सांगतो. कोणाला कळणार नाही.”

त्याचा श्वास माझ्या कानाला लागला. मला क्षणभर वाटलं, हो म्हणावं. मग वाटलं, रीळ चुकलं म्हणूनच मला हिंमत आली, असं आयुष्यभर कोणी म्हणायला नको. मी सुद्धा नको.

“नको,” मी म्हणलं. “चालू दे. तिला जायचं तर जाऊ दे.”

“अन् तू?”

“मी उतरलेय.”

तो मशीनपाशी जाऊन हात मागं बांधून बसला, जणू हातांवर भरवसा नव्हता.

ती उतरली. शेडमध्ये बायकांनी टाळ्या वाजवल्या. मंगलाबाईनं तर शिट्टी मारली, ती कधी शिकली देव जाणे. मग दुसरी बस आली. ती चढली. टाळ्या बंद. सासूच्या पाया पडली. कोणीतरी मागून ‘अरेरे’ केलं. गाणं सुरू झालं तेव्हा कोणी ऐकतच नव्हतं.

आणि त्या गाण्यात माझ्या बापाचा आवाज आला. दिवसाला दहा शब्दवाल्या माणसाचा.

“उतरनी व्हती ना ती? मंग परत काबर गई?”

मी उठले. बापाजवळ गेले.

“दादा, मी नाही जाणार परत. उद्या पाहुण्यांसमोर बोलण्यापेक्षा आजच सांगते. मला हे स्थळ नको. मी माझं बघीन, आणि तुम्हाला सांगूनच बघीन.”

आई वळली. “काय व योगिता... पाव्हना उद्या येतीन. त्यास्ले काय सांगशी?”

बापानं खूप वेळ नखातला रंग खरवडला. टीव्हीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग आईला म्हणाला, “सांगसू, पोर आधीच उतरी गई. एसटीडीवरून आताच फोन करस.”

आई काहीतरी पुटपुटत पदरानं डोळे पुसायला लागली. पण बाप फोन करायला उठला तेव्हा तिनं अडवलं नाही.

बाहेर ऊन पांढरं पडलेलं. तारांवर फाटके पतंग फडफडत होते. ललित लुनाला किक मारत होता आणि ती मुद्दाम सुरू होऊ देत नव्हता, हे मला लांबूनच दिसलं.

“तुझी चिठ्ठी नव्हती डब्यात.”

“डब्यात टाकण्यासारखी नव्हती.” त्यानं खिशात हात घातला. आधी खडू निघाला – माझाच. मग घडी पडून पडून मऊ झालेला कागद. मी उघडला.

*गुरुवार. बाराचा शो, पांडेसरा. डावीकडची तिसरी रांग, निळी ओढणी. पिक्चर कुठला ते बघितलं नाही.*

मी दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा त्याच्याकडे बघितलं.

“मी दारात उभा होतो,” तो लुनाच्या आरशाशी बोलला, “चुकीचा डबा घेऊन. सगळे शिट्ट्या मारायले, तिकिटाचे पैसे मागायले. तू एकटी बसलेलीस. मग उठलीस... अन् अशी निघालीस की मला वाटलं, कोणाला तरी मारायला चालली.”

“मग त्या दिवशी लायब्ररीत विचारलंस कशाला, कधी बघितला म्हणून?”

“तूच आहेस का, खात्री करायची होती. खडू बसला तेव्हा झाली.”

मला राग यायला हवा होता. तीन महिने मला लक्षात ठेवून बसला होता आणि मला पत्ता नाही, मला, जिला गल्लीतलं सगळं आधी दिसतं. पण राग आला नाही. खडू मी परत ओढणीला बांधला. गाठ नीट बसेना.

“उद्या चारला घरी ये.”

“कशाला?”

“आईनं पोह्यांचं सामान आणून ठेवलंय. पाहुणे येणार नाहीत.”

तो लाल झाला, कानापर्यंत. “म्हणजे... बघायला येऊ?”

“तू नाही. मी बघणार आहे तुला. दादा पण बघतील.”

“येताना काय आणू?”

“काही आणू नको.” मी चिठ्ठी घडी करून मुठीत धरली. “आणि आणलंस, तर झाकण उघडून बघ आधी.”

त्यानं किक मारली. या वेळी लुना पहिल्या झटक्यात सुरू झाली.