चौदा किलोची पेटी

शनिवारी गोदाम बंद असते. सैकल तिथे आली ती केवळ विसरलेल्या छत्रीसाठी. पाहते तो दाराशी मालमोटार उभी, आणि कुबात भर पावसात एकटाच पेट्या उतरवीत होता. तिला पाहताच त्याचा हात थबकला.

ओशमधल्या त्या लहानशा सेवा क्लबाचे भांडार सैकल सांभाळी. सरहद्दीपलीकडे, ताजिकांच्या हद्दीतल्या एका उंच पामिरी गावाला क्लब हातपंप पाठवीत असे. लाकूड महाग, म्हणून पेट्या रिकाम्या परत येत. नेणारा-आणणारा कुबात — चार महिन्यांपूर्वी सभासद झालेला आणि सैकलच्या मते जरा जास्तच हसरा.

"सोमवारी येणार होतात ना, कुबात अका?" 'अका' हा थोरल्या भावाचा मान, तिच्या स्वरात मात्र मानापेक्षा चौकशी अधिक होती.

"रस्ता लवकर मोकळा झाला."

"खिंडीत बर्फ नव्हता?"

"होता. त्याला माझी दया आली."

उत्तर गोड होते... म्हणूनच तिला ते रुचले नाही. जवळच्या पेटीवर नवे खिळे चमकत होते. रिकामी पेटी तिने स्वतः तोललेली होती : चौदा किलो. तिने ती काट्यावर सरकवली. एकोणीस.

"रिकामी आहे म्हणता?"

"भिजली असेल... पाऊस आहे ना."

"पाच किलो पाऊस?"

तो हसला. ती हसली नाही. त्या रस्त्याने काय काय खाली येते, हे शहरात कोणाला ठाऊक नव्हते? नाक्यावर अफूची एक पुडी सापडली, की क्लबाचा परवाना गेला. उरलेले बारा पंप इथेच गंजतील, आणि त्या गावच्या बायका पुन्हा नदीचा बर्फ फोडतील. शिवाय आणखी एक गोष्ट होती, जी तिने स्वतःशीही धड कबूल केली नव्हती — त्याची मालमोटार यायची असली, की ती आदल्या दिवशी केस धूत असे.

आत येऊन तिने किटलीत चहा उकळला आणि त्याच्यासाठी ओतला. पियाली काठोकाठ भरली. पाहुण्याला 'आता निघा' म्हणायची ती रीत. थोडा ओतला, तर 'बसा' असे समजायचे.

कुबातने पियालीकडे पाहिले. "म्हणजे मी जावं?"

"जा. पेटी इथंच राहू द्या."

"मी उतरवतो सगळं. तुम्ही कशाला —"

"दर खेपेला मला काही ना काही निमित्तानं बाहेर पाठवता. का? हातोडी द्या. नाहीतर अध्यक्षांना फोन लावते."

त्याने हातोडी दिली — दांडा तिच्याकडे करून. "उघडा. पण मग मला क्लबातून काढावं लागेल."

तिने एकेक खिळा उपसला. पेटी रिकामी निघावी, एवढीच तिची इच्छा होती. झाकण निघाले आणि आंबट-खारट वास आला. कापडी पिशवीत कुरुत — वाळवलेल्या दह्याच्या पांढऱ्या गोळ्या. तिने एक फोडली, चाखली. दुसरी फोडली.

"सगळ्या फोडणार?"

"निम्म्या तरी."

"मदत घेणाऱ्यांकडून काही स्वीकारायचं नाही, हा नियम मला पाठ आहे," तो हळूच म्हणाला. "पहिल्या खेपेला नको म्हटलं, तर बुरुल आपा पेटीवर येऊन बसल्या. सत्तरीची बाई, पंपाशेजारीच घर. म्हणाल्या, 'तुझ्या आईनं शेजाऱ्याचं भांडं कधी रिकामं परत दिलं का? मग पेटी कशी देऊ?' मी काय बोलणार? कुरुत मी अंधशाळेच्या स्वयंपाकघरात देतो. विचारून या."

"विचारणारच आहे."

"ते ठाऊकच आहे मला."

पिशवीखाली लोकरीचे मोजे होते, लाल काठाचे. "आणि हे?"

कुबात उगीच भिजकी बाही पिळू लागला. "ते... शाळेचे नाहीत. आपांनी विचारलं, पेट्या इतक्या नीट कोण भरतं? वायसर तेलकट कागदात, सुटे भाग निराळे... मी नाव सांगितलं. मग... जरा जास्तच सांगितलं बहुतेक. त्या विणायलाच बसल्या. पहिला जोड मोठा झाला, दुसरा लहान, तिसरा पुन्हा मोठा. तिन्ही माझ्या घरी आहेत. द्यायचा धीर होईना."

"माझं माप तुम्हाला कुठून कळलं?"

"तुम्ही दाराशी बूट काढता ना? चार महिने माझ्या बुटांशेजारीच असतात." त्याने हवेत माप दाखवले. "एक वीत आणि दोन बोटं."

सैकल स्टुलावर बसली. मोजे चढवले. नेमके बसले. मग उठून तिने रिकामी पेटी पुन्हा काट्यावर ठेवली. चौदा किलो.

"सोमवारच्या सभेत काय सांगाल?" त्याने विचारले.

"घडलं ते. तुम्ही नियम मोडलात. आणि नियम चुकीचा आहे, हेही."

"तरी क्लब माझ्या जागी दुसरा माणूस शोधेल."

"पुढच्या खेपेला तपासणीसाठी भांडारप्रमुख सोबत जाईल, असं मी मांडणार आहे."

"अजून संशय आहे?"

"आहे ना... घरच्या त्या तीन जोडांचा. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कसा जाईल?"

त्याचा चहा तसाच निवला होता. तिने ती भरली पियाली दाराबाहेर पावसात रिती केली आणि नव्याने ओतला — तळ झाकेल, एवढाच.

कुबातने पियाली उचलून आत पाहिले. "एवढाच?"

"संपला की मागा," ती म्हणाली. "मी आहे इथंच."