तिसरं पातं

पवनचक्कीचं पातं उडालं ते थेट समोरच्या सुताराच्या अंगणात. नुसतं पडलं असतं तरी एक वेळ चाललं असतं, पण ते पॉलिश करून वाळत ठेवलेल्या कपाटाच्या दारात घुसलं आणि तिथेच उभं राहिलं. भिंगरी गच्चीवरून जिने कशी उतरली ते तिचं तिलाच कळलं नाही. गल्ली ओलांडून ती पोचली, तेव्हा सुतार कमरेवर हात ठेवून त्या दाराकडे बघत होता.

"तुमचं का हे?" त्याने विचारलं.

"कोणाला लागलं तर नाही ना?"

"दाराला लागलंय. माणसं वाचली."

तिच्या जिवात जीव आला, आणि पाठोपाठ लाजही वाटली. कोपऱ्यावरच्या दुकानात ती जळलेल्या मोटारींच्या गुंडाळ्या पुन्हा भरायची. हात चांगला होता, गिऱ्हाइकं नावाजायची; पण सगळा जन्म दुसऱ्यांनी बनवलेलं दुरुस्त करण्यात चालला होता. एक तरी वस्तू मुळापासून आपल्या हातची असावी, या हट्टाने तिने घराच्या गच्चीवर पवनचक्की उभी केली होती. छोटीशी, जेमतेम एक बॅटरी भरेल एवढी. चुंबकं मोडीतल्या यंत्रांची, गुंडाळ्या स्वतः भरलेल्या, आणि पाती खोक्याच्या फळ्या तासून केलेली. भिंगरी हे नाव घरच्यांनी ती रांगत असतानाच ठेवलेलं, पण ते या चक्कीवरून पडलेलं नाही, हे आता गल्लीत कोणाला पटत नसे.

सुताराने पातं उपसून काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं. "कोणी केलंय?"

"मी."

"वाटलंच."

"म्हणजे?"

"म्हणजे... आकार सुरेख आहे." तो किंचित अडखळला. "पण लाकडात मुळाशी गाठ आहे. बघा, इथूनच तुटलंय. गाठीचं लाकूड असल्या कामाला घेतात का?"

"मला काय माहीत? मी तारा ओळखते, लाकडं नाही."

"लाकडं मी ओळखतो," तो म्हणाला, आणि गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ तिच्याकडे बघत राहिला. "तारांचं तुम्ही बघा. पाती आपण नवी करू."

"आणि हे दार?"

"दाराची समजूत मी काढतो."

बाबांची समजूत काढणं तेवढं सोपं नव्हतं. बाबा दवाखान्यात औषधं द्यायचे. थेंब मोजून देणारा माणूस. त्यांचा आवाज कधी चढायचा नाही, म्हणूनच घरात त्यांच्या शब्दाला वजन होतं.

"या गल्लीतून शाळेची मुलं जातात," ते म्हणाले. "आज दार होतं. उद्या कोणाचं डोकं असेल. मी नको म्हणत नाही, पण नीट ऐक. मोठ्या वाऱ्यात तो खांब पुन्हा थरथरला, तर पातं उडायची वाट बघायची नाही. खांब खाली. कायमचा."

"कबूल," भिंगरी म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

सुताराने सरळ रेषांचं, बिनगाठीचं लाकूड निवडलं. तिने आकार काढून दिला, त्याने तासला. तिन्ही पाती काट्यावर सारखी भरली, तेव्हा आनंदाच्या भरात दोघांनी एकमेकांना टाळी दिली, आणि हात सोडायला दोघांनीही उगाचच वेळ लावला. आता फक्त घासून तेल लावायचं राहिलं होतं. दोन पाती हां हां म्हणता झाली. तिसरं मात्र संपता संपेना.

दुकान बंद झालं की ती त्याच्याकडे यायची. कारखान्यात भुशाचा गोडसर वास भरलेला असायचा, आणि तो दाराशी पातं मांडीवर घेऊन बसलेला.

"झालं नाही अजून?"

"घाई आहे का?"

"मला कसली घाई... वाऱ्याला असेल."

"मग वाऱ्याला सांग, थांब म्हणावं जरा."

त्या दिवसापासून दोघांमधलं अहो-जाहो गेलं. ते कधी गेलं, याची चौकशी दोघांनीही केली नाही.

मग तो पातं तिच्या हातात द्यायचा. ती डोळे मिटून मुळापासून टोकापर्यंत बोटं फिरवायची. तो तिच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत राहायचा... आणि तो बघतोय, हे तिला डोळे मिटूनही कळायचं.

"टोकाला जरा खरखरीत लागतंय," ती म्हणायची.

"असं? बघू." की पुन्हा पॉलिशचा कागद सुरू.

"एवढं घासल्यावर पातं उरेल का गं?" आईने एकदा विचारलं. भिंगरीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी घासायला काही निमित्तच उरलं नाही. पाती चढली, चक्की फिरली, गच्चीवरच्या खोलीत दिवा लागला. अख्खी गल्ली बघून गेली. आणि दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार ओढताना भिंगरीच्या लक्षात आलं, की आता त्या कारखान्यात जायला आपल्याकडे काही कारणच नाही. तो तरी काय म्हणून बोलावणार आणि ती तरी काय सांगून जाणार? ती गच्चीत दिसली की तो खालून विचारायचा, "नीट फिरतेय ना?" ती म्हणायची, "फिरतेय." एवढंच. चक्की होती म्हणून निदान तेवढं तरी बोलायला होतं.

आणि ती तितकीशी नीट फिरत नव्हती. खांबाला हात लावला की बारीकशी धडधड जाणवायची. नवी आहे, बसेल हळूहळू, अशी तिने मनाची समजूत घातली. खरं तर तेव्हाच बाबांना सांगायला हवं होतं.

मग तो दिवस आला. दुपारपासून वारा नुसता पिसाळला होता. समोरच्या दुकानाची पाटी उलटी होताना भिंगरीने पाहिली, हातातली मोटार तशीच टाकली आणि ती घराकडे धावत सुटली. जिन्यातच आवाज कानावर आला. धप... धप... धप... भिंतीच्या आतून कोणीतरी बुक्के मारावेत तसा.

गच्चीत खांब थरथरत होता. तिने खटका ओढला. हा खटका चक्कीच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडायचा, मग चाक जड होऊन मंदावायचं. आज वाऱ्याने त्यालाही दाद दिली नाही. चाक क्षणभर दबलं आणि पुन्हा उसळलं.

आता उरली शेपटाची दोरी. ती ओढली की शेपूट वळायचं आणि चाक वाऱ्याकडून तोंड फिरवायचं. पण दोरी हादऱ्यांनी सुटून खांबाच्या बुडाशी, खांब ताठ धरणाऱ्या ताणाच्या तारेला गुंडाळली गेली होती. आणि त्या तारेचा स्क्रू तिच्या डोळ्यांदेखत आटा-आटा करून सैल होत होता.

बाबा धापा टाकत वर आले. "मागे हो."

"बाबा, दोरी ओढली तर थांबेल."

"मागे हो म्हटलं ना."

"शाळा सुटेल आत्ता. तुम्ही खाली जा, गल्ली अडवा. बाबा, जा ना..."

बाबांचा पाय निघेना. खाली दुसऱ्यांची मुलं होती आणि वर त्यांची स्वतःची. तेवढ्यात हातात पाना घेऊन सुतार जिन्यातून वर आला.

"काका, तुम्ही जा. मी आहे इथे."

बाबांनी त्याच्याकडे एकदा नीट पाहिलं, आणि ते गेले.

"तुला कोणी बोलावलं?" भिंगरीने विचारलं.

"आवाज ऐकला. तार मी आवळतो, तू दोरीचं बघ."

"तिकडून नको. पातं उडालं तर चाकाच्या रेषेत, बाजूला उडतं. समोरून यायचं, वारा येतो त्या अंगाने. माझ्या मागोमाग ये... वाकून."

तो वाकला आणि तिच्या मागोमाग निघाला. एक प्रश्न विचारला नाही.

खांबाच्या बुडाशी बोललेलं ऐकू येत नव्हतं. डोक्यावर चाक नुसतं घोंघावत होतं. त्याने स्क्रूला पाना लावला. तो एक आटा आवळायचा की खांब अर्धा सैल करायचा. तिने दोरीची गुंडाळी ओढली, नखं मोडली, गुंडाळी हलेना. तिने मान वळवून पाहिलं. त्याच्या कपाळावरची शीर फुगली होती, डोळे वाऱ्याने लाल झाले होते, आणि तो उठून जायचं नाव घेत नव्हता. त्या क्षणी तिला चक्कीचं काही वाटेनासं झालं. तुटू दे, मोडू दे, फक्त हा इथून धडपणे उठू दे. आपला या माणसावर जीव जडलाय, हे तिला त्या गोंगाटात लख्ख कळलं, आणि आता ते सांगायला वेळ मिळेल की नाही या भीतीने तिने गुंडाळीत पुन्हा बोटं खुपसली.

गुंडाळी सुटली. दोघांनी मिळून दोरी ओढली. शेपूट कुरकुरत वळलं, चाकाने तोंड फिरवलं, मंदावलं... शेवटी थोडंसं मागेपुढे झुलून थांबलं. तिसरं पातं वर येऊन राहिलं होतं.

सुतार बराच वेळ त्या पात्याकडे बघत होता. त्याचा हात अजून दोरीवर, तिच्या हातावर होता.

बाबा वर आले, तेव्हा तिने हात सोडवून घेतला. "खांब थरथरला, बाबा. मी कबूल केलं होतं. उतरवते."

"काका, चूक तिची नाही," सुतार म्हणाला. "तिन्ही पाती सारखी भरली होती. मग मी तिसरं घासत बसलो, गरज नसताना. ते हलकं झालंय. हलकं पातंच असं वर येऊन थांबतं."

"गरज नसताना? ते कशाला?"

सुताराने खाली पाहिलं. "ते संपलं असतं, तर... तर ही यायची बंद झाली असती."

भिंगरी गप्प राहिली असती तर सगळा दोष त्याच्या पदरात पडला असता आणि तिची सुटका झाली असती. तिला ते जमलं नाही.

"बाबा, ते खरखरीत नव्हतं."

"काय?"

"पातं. कधीचंच गुळगुळीत झालं होतं. मीच रोज म्हणायचे, खरखरीत लागतंय... घास अजून."

सुताराने झटकन वर पाहिलं. "तुला कळत होतं?"

"केसाएवढी तार मी बोटांनी ओळखते. मला कळणार नाही?"

"आणि मी आपला वेड्यासारखा घासतोय..."

"आणि मी बघत बसलेय."

बाबांनी आळीपाळीने दोघांकडे पाहिलं. "म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "दोघांनाही एक वाक्य बोलवत नव्हतं. आणि त्यापायी खालची मुलं..." पुढचं त्यांनी गिळलं. दोघांच्या माना खाली गेल्या.

"वारा पडला की खांब उतरवा. दोघांनी मिळून." ते जिन्यापाशी जाऊन थांबले. "कायमचा म्हणालो होतो, ते... बघू. पुन्हा उभा करायचा असेल तर तेल लावून झाल्यावर पाती मी तोलीन. आणि बोलायचं ते बोलून टाका. घासत बसू नका."

संध्याकाळी वारा पडला. दोघांनी तारा सोडून खांब हळूहळू आडवा केला. भिंगरीने पाती काढून भिंतीला टेकवली. गच्ची एकदम मोकळी दिसायला लागली. तिला वाटलं होतं रडू येईल, पण आलं नाही.

"उद्या संध्याकाळी ये," सुतार म्हणाला.

"काय काम आहे?"

"काही नाही."

"नवं पातं तासायचंय?"

"नाही. तासायचं नाही, घासायचं नाही." तो हात पुसत होता, आणि हात केव्हाचे पुसून झाले होते. "तू आलीस की मला बरं वाटतं. म्हणून ये."

भिंगरीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. "आणि बाबांनी विचारलं, कुठे चाललीस, तर?"

"तर... काय सांगशील?"

तिने या वेळी डोळे मिटले नाहीत. सरळ त्याच्याकडे बघून म्हणाली, "त्याच्याकडे चाललेय, म्हणून सांगेन."

दुसऱ्या दिवशी बाबांनी विचारलं, आणि तिने तेच सांगितलं.