बारा नोव्हेंबरचा पाठलाग

लोहितपूरच्या कालगणना कक्षात शिरताना उत्तरा गावंड नेहमी घाईत असे, आणि कक्षाचे प्रमुख डॉ. मोरेश्वर पिंगे कधीच घाईत नसत. मंगळावरच्या या वसाहतीत ‘लालमाती’ हे एकच दैनिक होते आणि त्यात उत्तरा रोज ‘टोला’ नावाचे सदर लिही. सुरुवातीला आजच्या दिवशी पूर्वी काय घडले ते, आणि मग त्याच काठीने आजच्या राजकारण्यांच्या पाठीत एक रट्टा. प्रशासक विश्वंभर सरनोबत यांचा सकाळचा चहा तिच्यामुळे कडू होतो, असे त्यांचा शिपाईच सांगत फिरे. उत्तराला यापेक्षा मोठा पुरस्कार नको होता.

“पिंगेसाहेब, पुढच्या महिन्यात कुठली तारीख गळतेय?” तिने विचारले.

प्रश्न रोजच्या व्यवहारातला होता. लोहितपूरकरांनी मंगळावर येताना तारखा भारताच्याच ठेवल्या होत्या. सूर्योदयाच्या क्षणी भारतात जी तारीख चालू असेल, ती वसाहतीत त्या पूर्ण दिवसाची. पण मंगळाचा दिवस पृथ्वीच्या दिवसापेक्षा चाळीसेक मिनिटांनी मोठा. त्यामुळे दर पाच-सहा आठवड्यांनी एखादी तारीख इथल्या सूर्योदयानंतर सुरू होई आणि पुढच्या सूर्योदयाआधीच संपून जाई. तिच्या नशिबी एकही सूर्योदय नसे, म्हणून ती वसाहतीत उजाडतच नसे. पंचांगात तिथीचा क्षय होतो, तसा इथे तारखेचा होई. गळणाऱ्या तारखेचा दिनविशेष उत्तरा आदल्या दिवशीच चौकटीत छापून टाके, म्हणून ही चौकशी.

“बारा नोव्हेंबर,” पिंगे मान वर न करता म्हणाले.

उत्तरा मटकन खुर्चीत बसली. बारा नोव्हेंबर हा लोहितपूरचा स्थापनादिन, आणि यंदा त्याच दिवशी प्रशासकपदाची निवडणूक जाहीर झाली होती. एकदा जाहीर झालेली तारीख बदलता येत नसे. शिवाय वसाहतीच्या सनदेत एक जुने कलम होते, धुळीच्या वादळांचा विचार करून घातलेले: जाहीर तारखेला मतदान झाले नाही, तर विद्यमान प्रशासक आणखी एक मंगळवर्ष पदावर राहतील. मंगळवर्ष म्हणजे पृथ्वीची जवळजवळ दोन वर्षे.

“हे तुम्ही आधी का नाही बोललात?”

“मला कुणी विचारलं नाही, उत्तराताई.” पिंगे जरा घुटमळले. “म्हणजे, सरनोबतांनी विचारलं होतं. तारीख जाहीर करायच्या आदल्या दिवशी.”

उत्तराच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि त्यातला अर्धा स्वतःवरच होता. स्थापनादिनी निवडणूक घेणार म्हणून अठरा वर्षांत पहिल्यांदाच तिने सरनोबतांची पाठ थोपटली होती. ‘उशिरा का होईना, साहेबांना इतिहासाची चाड आली,’ असे तिने स्वतःच्या हाताने लिहिले होते. साहेबांना चाड होती खरी, पण पंचांगाची.

ती तडक प्रशासकांच्या कचेरीत गेली. सरनोबतांनी तिला अगत्याने चहा दिला. तारीख गळते हे ऐकून त्यांनी चेहरा असा पाडला की पाहणाऱ्याला दयाच यावी. निसर्गापुढे माणूस काय करणार, असे ते म्हणाले आणि वर, जे आपल्याला जमले नाही ते पुढच्या खेपेला नक्की, असेही म्हणाले. उत्तराने चहा तसाच ठेवला.

परतताना ती तळभुयारात मुलीकडे उतरली. सरनोबतांनी पाहुण्यांसाठी नवा काचघुमट उभारला होता आणि त्यासाठी तळभुयारांचा प्राणवायू कमी केला होता. चालेल इतका होता, असे त्यांचे म्हणणे. निरजाला सातवा महिना लागला होता. चार पायऱ्या चढली तरी ती भिंतीला टेकून उभी राही, आणि सकाळी उठताना तिचे डोके दुखे. वायुजाळ्याची अभियंता रझिया मुलाणी सरनोबतांविरुद्ध उभी होती ती याच एका मुद्द्यावर. ती निवडून आली तर तळभुयारांच्या झडपा पुन्हा पूर्ण उघडणार होत्या. नाही आली, तर उत्तराच्या नातवंडाला पहिली दोन वर्षे या विरळ हवेत काढावी लागणार होती.

“आई, असं तोंड का केलंयस?” निरजाने विचारले. उत्तराने सांगितले. निरजा हसून म्हणाली, “आजीला सांगायला हवं होतं. तिने कोलकात्याच्या मावशीआजीला फोन करून भांडण काढलं असतं.”

उत्तराही हसली. तिची आई रत्नागिरीची आणि मावशी लग्न होऊन कोलकात्याला गेलेली. एखाद्या वर्षी दोघींच्या एकादश्या वेगवेगळ्या दिवशी येत. एकीकडे साबुदाण्याची खिचडी आणि दुसरीकडे वरणभात, आणि कुणाचे बरोबर यावर फोनवर तासभर जुंपे. शेवटी वडील वैतागून म्हणत, अगं, तिच्याकडे सूर्य आधी उगवतो, तुम्ही दोघी बरोबर आहात.

उत्तरा हसता हसता थांबली. मग तिने पर्स उचलली आणि निरोपही न घेता ती धावत सुटली.

कालगणना कक्षात ती पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. “पिंगेसाहेब, बारा तारीख गळते ती लोहितपुरात. सगळ्या मंगळावर गळते का?”

पिंगेंनी पहिल्यांदाच हातातले काम बाजूला ठेवले. “नाही. ते जागेवर अवलंबून आहे.” त्यांनी पाटीवर एक रेघ ओढली. “हे बघा, इथे सूर्य उगवतो तेव्हा भारतात अकरा तारीख संपत आलेली असते. सूर्य वर आला न आला की तिकडे बारा लागते. म्हणजे आपली बारा हुकते ती थोडक्यात हुकते. पश्चिमेला सूर्य उशिरा उगवतो, तिथे तोवर बारा लागलेली असेल.”

“हिमखाण पश्चिमेला आहे,” उत्तरा म्हणाली. लोहितपूरचे सगळे पाणी त्या खाणीतल्या बर्फातूनच येई.

“चारशे किलोमीटर. सूर्य अर्धा तास उशिरा.” पिंगेंचा आवाज चढला. “खाणीची तारीख खाणीच्या सूर्योदयाची, आणि वसाहतीच्या हद्दीत कुठंही मतदान चालतं. सनदेतलं ते कलम मीच लिहिलंय, खाणकामगारांसाठी! उत्तराताई, खाणीत बारा नोव्हेंबर आहे. ज्या दिवशी इथे अकरा असेल, त्याच दिवशी तिथे बारा असेल. खाणीची अकरा गळते.”

एवढे बोलून ते एकदम खाली बसले. “माझा वाढदिवस अकराला असतो,” ते हळूच म्हणाले. “असू दे. मी येतो.”

दुसऱ्या दिवशीचा ‘टोला’ लोहितपूरने उभ्याउभ्याच वाचला. ‘प्रशासकांनी आपली तारीख गिळली आहे,’ उत्तराने लिहिले होते, ‘पण घास एकाच गावापुरता आहे. दहा तारखेला बर्फाच्या रिकाम्या गाड्या खाणीकडे निघतील. ज्याला मत द्यायचे आहे त्याने डबा बांधून यावे.’ सरनोबतांनी आधी याला सहल म्हटले. मग त्यांनी गाड्या अडवण्याचा विचार केला, पण बर्फ अडवला तर त्यांच्याच नव्या घुमटातले नळ कोरडे पडले असते. तेव्हा ते घरी बसले. खाणीत गेलो तर तिथली तारीख मान्य केल्यासारखे होईल, असे त्यांनी हिशेबाने ठरवले.

आणि लोहितपूर निघाले. बर्फाच्या गाड्यांच्या रिकाम्या टाक्यांत रझियाच्या माणसांनी हवा भरून बाके टाकली होती. कुणी थालीपीठे आणली, कुणी पत्त्यांचे जोड, गोंधळ तर सगळ्यांनीच आणला. निरजाला घरी ठेवायचा उत्तराचा बेत होता, पण ती सर्वांआधी येऊन बसली होती. माझ्या श्वासाचे मत मीच देणार, असे ती म्हणाली आणि विषय संपला. तांबड्या पठारावर दिवसभर गाड्यांची रांग पश्चिमेकडे धावत होती, आणि उत्तराला वाटत होते की आयुष्यभर आपण तारखांबद्दल लिहिले, पण एखाद्या तारखेला गाठायला निघालो आहोत ते आजच.

दहा तारखेला सगळे खाणीत झोपले आणि बारा तारखेला उठले. निळसर सूर्योदय झाला. पिंगे घड्याळाशी कान लावल्यासारखे वाकून उभे होते. त्यांनी मान वर केली आणि त्यांचे डोळे भरून आले. “बारा आहे,” ते म्हणाले. रांगेत एकच जल्लोष उठला. कुणीतरी पिंगेंच्या हातात गुळाचा खडा ठेवला, हुकलेल्या वाढदिवसाचा.

संध्याकाळपर्यंत मोजणी झाली. रझिया मुलाणी प्रचंड मतांनी निवडून आली, आणि दुसऱ्या दिवशी पदभार घेताक्षणी तळभुयारांच्या झडपा उघडण्याचा हुकूम तिने तिथेच सही करून ठेवला. निरजाने आईचा हात घट्ट धरला होता. खाणीतल्या भरपूर हवेने तिच्या गालांवर रंग चढला होता, आणि उत्तराला रडू आवरले नाही.

निकाल लोहितपूरला कळवायचा मान उत्तराला मिळाला. दूरवाणीवर पलीकडून सरनोबतांचा आवाज आला. तो चिडलेला नव्हता, उलट हाती हुकमाचा एक्का असावा तसा शांत होता.

“बाई, माझ्यासमोर दिनदर्शिका आहे. आज अकरा तारीख आहे. बाराच्या निवडणुकीत मी अकरालाच कसा हरलो? आधी बारा तारीख उजाडू द्या, मग बोला.”

उत्तराने डोळे पुसले. “साहेब,” ती म्हणाली, “तुमच्याकडे ती उजाडणार असती, तर आम्ही इथवर आलोच नसतो.”