पक्ष्याच्या अल्बमचा नंबर

उदगीरच्या मोंढ्यात राजशेखरअप्पांची आडत होती. पूर्वी तिथं धान्याचे सौदे तोंडानं होत नसत. दोघं रुमालाखाली एकमेकांचा हात धरत आणि बोटं दाबून भाव सांगत. वर गप्पा चालत त्या हवापाण्याच्या.

रविवारी मोंढा बंद असे. मग अप्पा आणि रेल्वेतले मन्मथकाका याच रीतीनं इंग्रजी रॉकचे आजवरचे थोर दहा अल्बम ठरवत बसत. काकांनी सिकंदराबादहून कॅसेटी आणायच्या, दोघांनी चाळीस वर्षं भांडायचं. बँडची नावं जिभेवर बसत नसत, म्हणून ओळख कव्हरच्या चित्रावरून: विहिरीवाला, गाढवाचा, पिवळ्या बसचा. भांडण तोंडानं, निकाल रुमालाखाली: एक बोट म्हणजे पहिला नंबर, दोन म्हणजे दुसरा. बोटं जुळली की त्या अल्बमचा विषय कायमचा मिटला. नाही जुळली, तर पुढच्या रविवारी पुन्हा.

अप्पांच्या लेकीचा, वर्षाराणीचा, लाडका अल्बम पक्ष्याचा. पंधराव्या वर्षी तिनं त्याची शिफारस केली, तेव्हा अप्पा हसले होते. ‘‘हे ड्रम हायत का गारा पडून राहिल्या पत्र्यावर?’’ ती पुढं नांदेडला कॉलेजात ग्रंथपाल झाली, आणि गेल्या महिन्यात अप्पांचा फोन आला.

‘‘तुझा पक्षी लई ऐकला, राणी. नंबर द्यायचा हाय.’’

‘‘सांगा की.’’

‘‘फोनवर? असा सौदा असतो का कुठं? ये, रुमाल टाकू.’’

ग्रंथालयात पुस्तकांची मोजदाद चालू होती. पुढच्या रविवारी येते, म्हणाली. गुरुवारी अप्पा गेले. लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना बसवूनच माती दिली, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. उजवा हात गुडघ्यावर मोकळा होता. पहिल्या बोटाचं नख, पोती शिवायच्या दाभणानं कधीकाळी दुभंगलेलं, तिनं तेव्हाच शेवटचं पाहिलं.

आज, रविवारी, ती दुकान रिकामं करून नव्या भाडेकऱ्यासाठी किल्ली काकांकडं द्यायला आली होती. आत तुरीच्या भुशाचा वास होता. दोन खुर्च्या समोरासमोर, मधल्या स्टुलावर अप्पांचा रुमाल. काका टेपजवळ उभे होते.

‘‘काका, कितवा नंबर देणार होते अप्पा?’’

‘‘मला काय ठावं? चाळीस वर्षांत त्यानं नंबर आधी कधी सांगितला न्हाई.’’ काकांनी चष्मा पुसला. ‘‘बस माझ्या खुर्चीत. तुझा पक्षी लावतो. मला मेला कधी आवडला न्हाई, पण लावतो.’’

ती बसली. समोर अप्पांची खुर्ची, उशीवर बसून बसून पडलेला खळगा. टेप सुरू झाला. ड्रम खरंच पत्र्यावरच्या गारांसारखे होते. तिला हसू आलं, आणि ते मध्येच अडलं. काय करावं न सुचून तिनं उजवा हात रुमालाखाली सरकवला.

तो कुणीतरी धरला.

कोरडी, खरखरीत बोटं. घाई नव्हती त्यांना. काका केव्हा येऊन बसले, असं मनाशी म्हणत तिनं वर पाहिलं.

खुर्ची रिकामी होती.

काका तिकडंच पाठमोरे उभे होते. कॅसेट अडकली होती. एका हातात ती धरून दुसऱ्या हातानं पेन्सिलीनं फीत गुंडाळत होते.

रुमाल स्टुलाला चिकटून सपाट होता. फक्त तिच्या हाताएवढा उंचवटा.

तिचं पहिलं बोट दाबलं गेलं. एकदाच, नेटानं. दुभंगलेल्या नखाची कड तिच्या कातडीला लागली.

एक.

‘‘फीत वळली होती,’’ काका म्हणाले. ‘‘आता ऐक.’’

तिला रुमालाखाली उत्तर द्यायचं होतं. एक दाबलं की जुळलं. जुळलं की मिटलं.

तिनं दोन बोटं दाबली.

खालची बोटं थबकली. अप्पा वाद घालण्याआधी असेच थबकायचे.

‘‘काका,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘किल्ली माझ्याकडंच राहू द्या.’’

काकांनी मागं वळून पाहिलं. आधी तिच्याकडं, मग रुमालाकडं. ‘‘न्हाई ना जुळलं?’’

‘‘न्हाई.’’

‘‘माझंबी न्हाई जुळवलं मी. अजून दर रविवारी येतो ते कशाला?’’

समोरच्या खुर्चीच्या उशीवरचा खळगा हळूहळू भरून वर आला, कुणी वाद घालायला उठून उभं राहिल्यासारखा. रुमालाखालचा हात मात्र सुटला नव्हता.