पिसं गळतील म्हणून

उंबऱ्याला पाय अडकून ठकी तोंडावर आपटली, हनुवटी फुटली, रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत ओघळली, आणि त्या अडीच वर्षांच्या लेकरानं रडायला तोंड उघडलं, चांगलं घशातली पडजीभ दिसेपर्यंत उघडलं… पण आवाज आला नाही! डोळ्यांतून पाणी गळत होतं, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, इवलेसे हात आईच्या दिशेनं पसरले होते, आणि सगळं कसं निःशब्द… बंद काचेपलीकडे घडत असावं तसं.

"शहाणी गं माझी ठकी!" दारातून सासूबाई कौतुकानं कुजबुजल्या. "एवढं लागलं, पण हूं नाही की चूं नाही. नाहीतर तिचा बाप! त्याच्या भोकाडानं एका वर्षी अख्खी शेड बोडकी झाली होती."

सूनबाईनं लेकीला उचलून छातीशी घट्ट धरलं. त्या कौतुकानं तिच्या काळजाचं पाणी पाणी झालं होतं. पडलेलं मूल रडत नाही हे शहाणपण? की काहीतरी भयंकर, आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच हातून घडत चाललं होतं?

शेताच्या कडेला असलेलं ते घर लांब शेपटीच्या कोंबड्यांवर उभं होतं. उंच दांडीवर बसलेल्या कोंबड्याची शेपटी पार खाली जमिनीला टेके, रेशमी झऱ्यासारखी. हा वंश सासऱ्यांनी लावला होता, आणि सूनबाई या घरात येण्याआधीच ते गेल्यावर सासूबाईंनी तो डोळ्यांत तेल घालून सांभाळला होता. पण या जातीचं काळीज फार हळवं. एखादं भांडं पडलं, कुणी किंचाळलं, की भेदरलेला कोंबडा क्षणात पिसं गाळून मोकळा होई, आणि मग ती शेपटी पुन्हा लांब व्हायची वाट बघत वर्षानुवर्षं बसावं लागे. म्हणून त्या घरानं आपला आवाजच खाली आणला होता. बिजागऱ्यांना तेल, भांड्यांखाली घडी घातलेली कापडं, दारावरच्या घंटीची वायर तोडलेली, शेडमध्ये शिरताना पायातलं बाहेर काढून ठेवायचं. "आमच्या घरात मोठ्यानं बोलायची मुभा फक्त कोंबड्यांना," असं तिचा नवरा नव्या पाहुण्याला सांगे, आणि हसेसुद्धा तोंडावर हात धरून.

लग्नाआधी कॉलेजच्या वादविवादात जिच्या आवाजानं मागच्या बाकावरची मुलं दचकत, ती सूनबाईसुद्धा कुजबुजायला शिकली होती. इतकी, की मागच्या आठवड्यात, ठकी अजून एक शब्दही बोलत नाही म्हणून, ती तिला दाखवायला घेऊन गेली तेव्हा डॉक्टरांनी आधी तिलाच विचारलं, "तुमचा घसा बसलाय का?" मग ठकीचे कान तपासले, जीभ पाहिली आणि म्हणाले, "हिला काहीच झालेलं नाही. घरात बोलता ना हिच्याशी?" त्या साध्या प्रश्नावर तिनं गुन्हेगारासारखी मान खाली घातली होती.

त्या संध्याकाळी, ठकीच्या हनुवटीवर पट्टी बांधून झाल्यावर, तिनं सगळं बळ एकवटलं.

"आई, मी हिला घेऊन काही दिवस माहेरी जाऊन राहते. चार माणसांचा गलका कानावर पडला तर बोलेल तरी…"

सासूबाईंचा चेहरा ताठ झाला. "प्रदर्शन तोंडावर आलंय आणि तू माहेरी निघालीस? नवरदेवाची शेपटी कोण धुणार? तुझ्याखेरीज तो कुणाला हात लावू देतो?"

नवरदेव म्हणजे त्या शेडचा मुकुटमणी. त्याच्या मुरडण्यावरून त्याला हे नाव पडलं होतं. सासऱ्यांच्या हातून उबवून निघालेला तो शेवटचा जीव.

"पोरीपेक्षा कोंबडा मोठा झाला का हो?"

"वाकड्यात शिरू नकोस. पोर आज ना उद्या बोलेल. गळालेलं पीस मागे चिकटवता येत नाही."

"आणि गळालेला आवाज, आई?"

"अगं, हळू…" नवरा मध्ये पडला.

"हळूच बोलतेय!" ती कुजबुजत कडाडली. "लग्न झाल्यापासून हळूच बोलतेय मी!"

नवरा उठून बाहेर गेला. त्यालाही त्या घरात दुसरं काही येत नव्हतं. आणि ती… ती माहेरी न जाता थांबली. दुसऱ्या दिवशी नवरदेवाची शेपटी कोमट पाण्यात एकेक पीस सोडवून धुतली, वाऱ्यावर वाळवली, आणि तिच्या ओल्या हातांवर तिचे अश्रू कधी पडले हे त्या कोंबड्यालाही कळलं नाही.

प्रदर्शनाला निघायच्या दिवशी दुपारपासून तयारी चालली होती. एकेक कोंबडा आतून जाड कापड लावलेल्या उभट पेटीत बसवायचा आणि पेटी चादरीत गुंडाळून टाकायची, म्हणजे आत अंधार राहून तो शांत बसतो. नवऱ्यानं पेट्या गुंडाळून शेडमध्ये रांगेत लावल्या. दांडीवर एकटा नवरदेव उरला होता. त्याला अगदी शेवटी न्यायचं. सूनबाई हात धुऊन घरात आली, आणि तिला दिसलं की झोपवलेली ठकी अंथरुणात नाही.

पलंगाखाली नाही. दारामागे नाही. मोरीत नाही.

"ठके… ए ठके…"

परसात पाण्याचा हौद होता. ती त्याच्या काठाशी धावली. पाणी स्तब्ध होतं, हिरवट, तळ न दाखवणारं. तिनं काठी घातली, मग काठी टाकून दंडापर्यंत हात घातला, अर्धी आत वाकून तळ चाचपला… शेवाळ, नुसतं शेवाळ! नवरा लांब रस्त्यावर ठेवलेली मोटरसायकल काढून कालव्याकडे गेला. सासूबाई कडब्याच्या गंजीभोवती फिरत होत्या, ओठ हलत होते. आणि ती स्वतः भिंतीला धरून पुन्हा पुन्हा म्हणत होती, "ठके… सोन्या… कुठे आहेस गं…"

एकाएकी तिला स्वतःचं बोलणं ऐकू आलं आणि ती जागच्या जागी गोठली. आपलं लेकरू हरवलंय… आणि आपण कुजबुजतोय! देवा, पोटचा गोळा हरवलाय आणि आपण त्याला कुजबुजत शोधतोय!

तिनं छाती भरून श्वास घेतला आणि किंचाळली. फाटक्या कापडासारखा आवाज निघाला. "ठकेऽऽ!"

उत्तर नव्हतं. पण त्या क्षणी तिची नजर शेडच्या दाराकडे गेली. तिथे ठकीचे बूट होते. शिकवले होते तसे, शेजारी शेजारी, व्यवस्थित काढून ठेवलेले.

ती आत धावली. तापलेल्या पत्र्याखाली हवा जड झाली होती. दाण्यांची पिंपं उपसली, पेंढ्याची पोती उलटीपालटी केली, दांड्यांमागे हात घातला. कुठेच नाही! आणि पेट्यांकडे बघण्यासारखं काय होतं? त्यांत तर कोंबडे होते. तिनं हाक मारायला तोंड उघडलं तोच मागून आलेल्या सासूबाईंचा तळहात तिच्या ओठांवर आला.

"इथे नको गं… नवरदेव आहे. आधी नीट बघू…"

तिनं तो हात हिसडला. "ठके! ठके, मी आहे गं, आई! बोल ना!"

दांडीवर नवरदेवानं मान ताठ केली. बाकी सगळं शांत. आणि त्या शांततेतच तिला उमगलं, विजेचा लोळ अंगावर यावा तसं उमगलं, की लेक का बोलत नाही. ठकी रांगती असल्यापासून तिनंच तो खेळ शिकवला होता. शेडमध्ये जो पहिला बोलेल तो हरला. आईची हाक मात्र हरण्यात धरायची नाही. लेकीला पक्कं करायला म्हणून ती मुद्दाम लाडालाडानं हाका मारायची, 'ठके, मी आहे गं, बोल ना…' आणि पोर ओठ घट्ट मिटून, डोळे मिचकावत गप्प बसली की आजी तिच्या गालांवरून हात फिरवी. म्हणजे आत्ता, या क्षणी, कुठल्यातरी कोपऱ्यात तिचं लेकरू घुसमटत असेल आणि आईच्या प्रत्येक हाकेला जास्तच शहाण्यासारखं गप्प बसत असेल!

ती सासूबाईंच्या पायाशी कोसळली.

"माझ्या हाकेला ती ओ देणार नाही हो, आई… मीच तिला शिकवलंय! तुम्ही कधी आवाज चढवला नाहीत, तुम्ही हरलात तरच खेळ संपला हे तिला कळेल. ओरडा, आई! पाया पडते तुमच्या… ओरडा!"

सासूबाईंनी वर पाहिलं. दांडीवरून खाली आलेली ती काळीभोर शेपटी दारातल्या उन्हात चमकत होती. नुकतीच धुतलेली, एक पीस इकडचं तिकडे नाही. त्यांनी एकदा डोळे मिटले, जणू कुणाची तरी परवानगी मागितली…

"ठकेऽऽऽ!"

तो आवाज त्या लहानखुऱ्या बाईचा वाटतच नव्हता. पत्रे झणझणले. "ठके, आजी हरली गं! मी हरले! बोल बाळा, ओरड, मी हरलेऽऽ!"

आणि शेडमध्ये प्रलय झाला. पेट्यापेट्यांतून पंखांचे दणके सुरू झाले, कर्कश कलकलाट उसळला, नवरदेवानं स्वतःला पत्र्यावर झोकून दिलं, भिंतीवर आदळला, आणि ती लांबलचक काळी पिसं एकामागून एक सुटून सावकाश खाली येऊ लागली. सासूबाई त्यांच्याकडे बघत होत्या, आणि बघत बघत पुन्हा ओरडत होत्या.

मग रांगेतल्या शेवटच्या पेटीतून टाहो फुटला. माणसाच्या पिल्लाचा!

सूनबाईनं चादर ओरबाडली, खिट्टी उपटली. ती अडीअडचणीला सोबत न्यायची रिकामी पेटी होती. ठकी आत शिरून बसली असेल, दार ओढलं गेलं असेल, खिट्टी आपोआप पडली असेल, आणि बापानं भरलेली समजून तीही गुंडाळली होती. पोर घामानं निथळत होती, ओठ निळसर पडले होते, केस कपाळाला चिकटले होते, आणि ती रडत होती… केवढ्यानं! सवयीनं सूनबाईचा तळहात लेकीच्या तोंडाकडे गेला. अर्ध्यातच तिनं तो विंचू चावल्यासारखा मागे ओढला.

"रड, माझ्या राजा… रड…"

मोटरसायकलचा आवाज आला. नवरा धावत आत शिरला, लेकीच्या केसांत तोंड खुपसून तो क्षणभर उभा राहिला. मग त्याला जमीन दिसली. कोपऱ्यात धापा टाकणारा, मागून उघडाबोडका झालेला नवरदेव दिसला. आणि त्या पिसांमध्ये बसून गळा काढून रडणारी आपली आई दिसली. ते त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं.

"आई, नको ना अशी… येतील गं पिसं पुन्हा."

"पिसांना कोण रडतंय, मेल्या!" सासूबाई हुंदक्यातून ओरडल्या. "हे गेले तेव्हाही असंच सगळं बांधून तयार होतं. घरात हे निजलेले… आणि मी तोंडात बोळा कोंबून त्यांच्या उशाशी बसलेली. लोक म्हणाले, काय धीराची बाई आहे! धीर कसला रे? यांचीच पिसं होती ती, यांनी जपलेली, ती गळतील म्हणून… नवऱ्याला रडले नाही रे मी… नंतर रडायचं ठरवलं, आणि मग रडताच येईना…"

त्यांनी सुनेकडे पाहिलं. "तुझी पोर मुकी केली असती गं मी."

"एकट्या तुम्ही नाही, आई," सूनबाई म्हणाली. "मीही."

सासूबाईंनी हात पसरले. त्या हातांत ठकी गेली, आणि दोघी, म्हातारी आणि नात, एकमेकींच्या गळ्यात पडून असा आक्रोश करू लागल्या की शेजारच्या शेतातली बाई खुरपं हातात घेऊनच पळत आली. त्या घरातून माणसाचा आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता. शेडच्या दारात ती धापा टाकत थांबली.

"काय झालं गं? कोण गेलं?"

नवरा काही बोलणार होता. सूनबाईनं त्याला हातानं थांबवलं.

"आमचे सासरे," ती मोठ्यानं म्हणाली, आणि पायातली चप्पल न काढता सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.